धुळ्याची टेप

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय : "मशीन एक, माणसं आठ. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की मशीन आपलं एकट्याचंच आहे. हे वाटणं मोडू न देणं, ही आपली नोकरी."

हल्लीची पोरं मला समजावून सांगतात की आता एका मोठ्या मशीनच्या पोटात वीस मशीनं चालतात आणि ते मोठं मशीन कुठे ठेवलंय हे वापरणाऱ्याला ठाऊकही नसतं. मी ऐकून घेतो. नव्वदच्या आसपास जळगावात मी हेच करत होतो, फक्त मशीन कुठे ठेवलंय ते मला ठाऊक होतं. एका शिक्षण संस्थेच्या कचेरीत, काचेच्या खोलीत, पाट मांडावा तशा लाकडी चौरंगावर ते होतं. बाहेरच्या हॉलमध्ये आठ टर्मिनलं. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळा, स्वतःचं डोकं काही नाही. डोकं एकच, काचेआड. संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांतल्या पोरापोरींच्या नोंदी त्या एका डोक्यात. नाव, जन्मतारीख, जात, सवलत, गुण, दाखला.

माझ्या नेमणूकपत्रावर 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर' असं लिहिलं होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप धुळ्याच्या मार्केट यार्डात हमाल. त्याला ते पद उच्चारता येईना.

"म्हंजे तू काय करस रे?"

"मशीन सांभाळतो."

"म्हंजे वॉचमन?"

"वॉचमन नाही आबा. सगळी माणसं त्या मशीनवर काम करतात, आणि मशीन माझ्या ताब्यात असतं."

एवढं त्याला पुरलं. दुसऱ्या दिवसापासून तो यार्डभर सांगत सुटला, "मना पोऱ्या कम्प्युटर चालाडस." मला त्याचा अभिमान वाटला आणि स्वतःचाही वाटला. खोटं कशाला बोलू? त्या अभिमानानंच पुढे घात केला.

मशीनबरोबर इंग्रजी पुस्तकं आली होती, विटांसारखी जाड. मी ती सगळी वाचली. पण जळगावात मे महिन्यात खोलीचं काय करायचं, हे त्यांत कुठेच नव्हतं. म्हणून मी वही घातली. "एसी बंद पडला तर कूलर लावू नये, ओली हवा मशीनला विषासारखी." "जिनिंगचा हंगाम सुरू झाला की पंख्याची जाळी रोज झाडावी, कापसाचं तूस बसतं." "सगळ्यांनी एकदम छपाई मागितली तर मशीन गुदमरतं, मोठी छपाई जेवणाच्या सुट्टीत लावावी." "मुख्य पासवर्ड कुणालाही देऊ नये. साहेबांनी मागितला तर लेखी मागावा." या शेवटच्या सूचनेवरून आमचे अधीक्षकसाहेब माझ्यावर कायमचे नाराज होते. मी अजून कायम झालो नव्हतो, तरी दिला नाही.

आणि एक पान टेपांचं. रोज संध्याकाळी मशीनमधल्या सगळ्या नोंदींची नक्कल एका टेपवर घ्यायची. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटपेक्षा मोठी, जाड, एका कडेला स्प्रिंगची झाकणी असलेली डबी. मशीन बिघडलं तर ती नक्कल परत आत ओतायची. त्या पानावर दोनच ओळी होत्या : "जी टेप वाचून पाहिली नाही, ती टेप आपल्याकडे आहे असं धरू नये." आणि "दोन टेपा एका छपराखाली झोपू नयेत."

म्हणून एक टेप जळगावात कपाटात असे आणि एक धुळ्याला, संस्थेच्याच शाळेत, मुख्याध्यापकांच्या तिजोरीत. दर शनिवारी मी एसटीनं घरी जाई तेव्हा ताजी टेप नेई आणि सोमवारी येताना जुनी घेऊन येई. एरंडोल, पारोळा, धुळे. ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर सामान ठेवायचं नाही, टेप मांडीवर. हेही वहीत आहे.

टेपांचं कपाट नानांच्या ताब्यात होतं. नाना संस्थेचे सर्वांत जुने टंकलेखक. मशीन आलं आणि त्यांचं टाइपरायटर गोणपाटाखाली गेलं. साहेबांना त्यांना तेव्हाच कुठेतरी लांबच्या शाळेवर पाठवायचं होतं, पण निवृत्तीला दोन-अडीच वर्षं उरली होती म्हणून माझ्या हाताखाली टेपा सांभाळायला दिलं. वयानं माझ्या बापाएवढा माणूस माझ्या हाताखाली. मला ते अवघड वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

नानांची इच्छा एकच, आणि ती सगळ्या कचेरीला माहीत होती. याच खुर्चीवरून, जळगावातूनच निवृत्त व्हायचं. कारण त्यांची बायको, जिला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांचे डोळे साखरेनं गेलेले. उजेड-अंधार तेवढा कळे. पण त्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात त्या अशा वावरत की परक्याला शंका येऊ नये. स्टोव्ह कुठे, काडेपेटी कुठे, मिठाची बरणी किती हातांवर, सगळं अंगात मुरलेलं. मी त्यांच्या हातची कळण्याची भाकरी आणि शेवभाजी कितीदा खाल्ली आहे. नाना म्हणत, "हे घर सुटलं ना भाऊ, तर ती दुसऱ्यांदा आंधळी होईल."

टेप नेण्याचा डबाही अक्कांचाच. मी सुरुवातीला टेप पिशवीतून नेई. अक्कांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "एवढी जोखमीची चीज आणि पिशवीत?" शेवयांचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा त्यांनी काढून दिला. आत फडकं घातलं की टेप बेतशीर बसे. उघडला की शेवयांचा वास यायचा.

त्या वर्षी खंडेनवमीच्या आठवड्यात नाना माझ्या टेबलापाशी आले. "भाऊ, पूजा करायची."

दरवर्षीच व्हायची. कचेरीतली सगळी हत्यारं, म्हणजे टाइपरायटर, सायक्लोस्टाइल, कागद कापायची सुरी, पाण्याची मोटर, शिपायाची घंटा, एका ओळीत मांडून त्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी आणि दसऱ्याला कुठलंही हत्यार वापरायचं नाही. मशीनला मागच्या वर्षी मी यातून सोडवलं होतं. या वर्षी नानांनी ऐकलं नाही.

"त्याला दोन दिवस विसावा द्या की. वर्षभर डोळाही मिटला नाही त्यानं."

"बरं. संध्याकाळी टेप घेऊन बंद करतो."

"आणि धुळ्याची टेप?"

"तिचं काय?"

"ती तिकडे एकटी राहील. पूजा बठ्ठी हत्यारंस्नी राहते भाऊ, एक मागे ठेवत नाहीत."

मी वहीतली ओळ सांगितली. दोन टेपा एका छपराखाली नकोत. नाना हसले. "दोन दिवसांत काय छप्पर पडी जाय?" मला ते दिसत होतं की माझ्या हाताखाली आल्यापासून या माणसानं पहिल्यांदाच काही मागितलंय. मी मोठेपणा केला. मधल्या वारी धुळ्याला जाऊन टेप आणली. डबा त्यांच्या हातात देताना एवढं बजावलं, "हा डबा जळगावात उघडायचा नाही. टिळा लावायचा तर वरून."

"ती पाहुणी शे. तिले कोन हात लावी?"

पूजेच्या वेळी मी हॉलमध्ये होतो, फोटोसाठी. नानांनी जळगावच्या टेपची स्प्रिंगची झाकणी बोटानं सरकवली आणि आतल्या चकचकीत पट्टीवर ओल्या हळदकुंकवाचं बोट टेकवलं. मी ओरडलोच, "नाना, आत नाही!"

ते दचकले. "टिळा पात्याला लावतात भाऊ. म्यानाला नाही लावत."

चारचौघांत मी पुढे बोललो नाही. मनात म्हटलं, ही टेप बाद. धुळ्याची आहे, आणि मशीन तर धडधाकट आहे. सोमवारी नवी काढू. धुळ्याच्या डब्याच्या झाकणावर नानांनी वरून टिळा लावला आणि डबा न उघडता बाजूला ठेवला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. हे मुद्दाम इथे लिहितो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळ दाबली. पंखा फिरला, दिवे लागले, आणि मशीनच्या आतली डिस्क, जिच्यावर सगळ्या नोंदी, ती फिरेना. कान लावला. नुसती टक् टक्. नंतर इंजिनिअरनं सांगितलं की महिनोन्‌महिने फिरत असलेली डिस्क दोन दिवस थांबवली की कधी कधी अशी धरते. गुडघे धरलेला माणूस उठत नाही तशी. ही सूचना माझ्या वहीत नव्हती. इंग्रजी पुस्तकांतही मला कुठे दिसली नव्हती.

सुटी डिस्क आमच्याकडे होती. ती बसवली. आता टेपवरून नोंदी परत ओतायच्या. बाहेर आठही टर्मिनलांसमोर माणसं बसलेली, साहेब काचेला नाक लावून उभे. "किती वेळ? ॲडमिनिस्ट्रेटर आहात ना?"

जळगावच्या टेपवर पूजेच्या आधल्या संध्याकाळपर्यंतचं सगळं होतं. धुळ्याची काही दिवस मागची. माझ्या मनात आलं, कुंकू सुरुवातीच्या वीतभर पट्टीला लागलंय, पुढचं मिळालं तर मिळालं. काही दिवसांचं काम वाचेल. साहेबांना म्हणता येईल, एक ओळही गेली नाही. मी ती पट्टी फडक्यानं पुसली आणि टेप ड्राइव्हमध्ये, म्हणजे मशीनच्या टेप वाचणाऱ्या खाचेत, घातली.

ती थोडी फिरली, करकरली आणि थांबली. वाचता येत नाही, असं पडद्यावर आलं.

आता जे करायचं होतं ते शेंबडं पोरही सांगेल. टेप वाचणारा भाग, ज्याला हेड म्हणतात, तो स्पिरिटनं पुसायचा. दिवा धरून पाहायचा. पुसून भागत नसेल तर हात बांधून बसायचं आणि इंजिनिअरला बोलवायचं. पण साहेब काचेवर बोटानं टकटक करत होते. नाना मागून म्हणाले, "भाऊ, दम धरा जरा. पाणी प्या." मी डबा उघडला, शेवयांचा वास आला, आणि धुळ्याची टेप, स्वच्छ, कुणी बोट न लावलेली, मी त्याच तोंडात घातली.

ती पुढे-मागे, पुढे-मागे फिरत राहिली. मीच तीन वेळा फिरवली.

चौथ्या दिवशी नाशिकहून इंजिनिअर आला. त्यानं भिंगातून हेड दाखवलं. हळदकुंकू वाळून दगडासारखं बसलं होतं. धुळ्याची टेप त्यानं उजेडात धरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ पांढरी रेघ. नांगरानं ओढावी तशी.

"पहिली अडकल्यावर दुसरी का घातलीत?" त्यानं विचारलं.

मी भिंग त्याच्या हातात परत दिलं.

"मी ड्राइव्ह बदलल्याचं लिहितो. बाकी तुमचं तुम्ही बघा," तो म्हणाला.

साहेबांनी माझ्याकडून एका पानात कारण मागितलं. दोन्ही टेपा कशा गेल्या? माझं कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात निघायचं होतं. मी लिहिलं : "खंडेनवमीच्या पूजेत दोन्ही टेपांना हळदकुंकू लावण्यात आले. त्यामुळे त्या निकामी झाल्या." अक्षर माझं चांगलं आहे. एकही खाडाखोड नव्हती.

साहेबांनी नानांना समोर उभं केलं. मीही होतो.

"काय नाना, पूजा घातली की श्राद्ध?"

नानांनी टोपी काढून हातात घेतली.

"दोन्हींना कुंकू लावलंत?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होतो. मग ते म्हणाले, "लावलं असंल साहेब. पूजा मीच केली."

दिवाळीच्या आत बदलीचा हुकूम आला. साक्रीच्या पलीकडे, डोंगराकडची शाळा. कारण : निष्काळजीपणा. मी त्याच आठवड्यात कायम झालो. बापानं यार्डात पेढे वाटले.

त्यांना सोडायला मी स्टँडवर गेलो. अक्का बाकावर बसल्या होत्या, हात गाठोड्यावर. आवाजावरून मला ओळखलं. "आले का भाऊ? जेवत जा वेळेवर." नानांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं.

"तो डबा मी उघाडाच नही भाऊ."

"माहीत आहे नाना."

"माहीत शे ना? बस. मला वाटलं, मी म्हातारा माणूस, दोन बोलणी खाईन आणि विषय मिटेल. बदलीचं नव्हतं वाटलं."

एसटी लागली. अक्कांना पायरीचा अंदाज येईना. नानांनी त्यांचा पाय हातानं उचलून पायरीवर ठेवला.

नोंदी आम्ही कागदांवरून परत टाइप केल्या. आठ माणसं, सगळी थंडी आणि पुढे उन्हाळा लागेपर्यंत. दिवाळीची सुट्टी कुणाला मिळाली नाही आणि सगळ्यांनी शिव्या नानांना दिल्या. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "हळद लागली आणि लग्न मोडलं," आणि हॉल हसायचा. मी हसलो नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल. ते फार नाही.

वर्षभरानं नानांचा अर्ज आला. पत्नी अंध, नव्या जागी वावरता येत नाही, स्वयंपाक मी करतो, उरलेली सेवा जळगावात मिळावी. फाइल माझ्या टेबलावर आली, विभागाचा अभिप्राय म्हणून. मी ती दोन दिवस ठेवून घेतली. मग लिहिलं : "या विभागाची हरकत नाही."

साहेब म्हणाले, "हरकत नसून काय उपयोग? शेऱ्यात निष्काळजीपणा आहे. तो शेरा चुकीचा होता असं कुणी लिहून दिलं, तर मी वर पाठवतो. पाठवू?"

शिपायानं चहा आणला होता. मी चहा प्यायलो. फाइल गेली ती परत आली नाही.

नाना तिथूनच निवृत्त झाले. कागदांवर सह्या करायला एकदा जळगावला आले तेव्हा माझ्या खोलीत डोकावले. खोली तीच, मशीन नवं, टर्मिनलं सोळा. नाना वाळून गेले होते. तळहातावर भाजल्याचे डाग, तव्याचे असावेत. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"डबा आहे का भाऊ? अक्कानं मागितलाय. तिकडे तिला काही सापडत नाही. म्हणते, तो हाताला ओळखीचा आहे."

डबा कपाटातच होता. मी त्यातून टेप नेणं कधीच सोडलं होतं. काढून दिला. झाकणावर मधोमध नानांनी लावलेलं हळदकुंकू, काळं पडलेलं, पण होतं. मी ते कधी पुसलं नव्हतं आणि कुणाला दाखवलंही नव्हतं. ते पुरेसा पुरावा झालं असतं की नाही, कोण जाणे. मी तो दिला असता की नाही, हे मला ठाऊक आहे.

नानांनी अंगठ्यानं त्यावरून हात फिरवला. "इथंच लावलं होतं," एवढं म्हणाले. मग झाकण उघडून आत नाक घातलं. "वास गेला सगळा."

"नाना, मी लिहून देतो," मी म्हणालो. "आज देतो."

"आता कशाला? आता निवृत्त माणसाची कुठे बदली करतात?" डबा पिशवीत टाकून ते निघाले. साक्रीची गाडी तीनची होती.

नव्या मशीनवर नवी माणसं शिकायला येत. त्यांना मी वही वाचायला देई. तिच्यात एक ओळ मी नाना डबा घेऊन गेले त्या दिवशी वाढवली : "पहिली टेप अडकली तर हात बांधून बसावं. दुसरी घालू नये, कुणी काचेवर कितीही टकटक केली तरी." धुळ्याकडचा एक जण, हुशार होता, त्यानं विचारलं, "सर, असं इथे कधी झालं होतं का?"

"झालं होतं," मी म्हणालो. "कुणी केलं?" असं त्यानं विचारलं, आणि मी त्याला म्हणालो की तेव्हा इथे एक म्हातारे टंकलेखक होते.